रंगाऱ्याने कालवलेलं औषध

नवऱ्याने बायकोची काळजी जरूर करावी, पण स्वयंपाकघरात शिरून करू नये. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रंगाऱ्याला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही. (सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. तो कुणाचं ऐकणारा असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुमचाही वेळ वाचला असता.)

झालं असं, की रंगाऱ्याच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, पण त्यानंतर तिच्या पोटात अन्न ठरेना. घास आत गेला की त्याच पावली परत. बाई वाळून अशी काडी झाली, की बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. मग डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी दिल्या. एक उलटी थांबवायची गोळी, आणि दुसरी ताकदीची पावडर, मोठा डबा भरून. वर स्पष्ट सांगितलं, "महिन्याभरात वजन वाढलं नाही, तर यांना परत दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल."

नळीचं नाव निघताच बायकोने नवऱ्याचा हात घट्ट धरला. चार माणसांसमोर तिने असा हात धरण्याची ही पहिलीच वेळ. रंगारी आतून हलला. त्या गडबडीत डॉक्टरीणबाई पुढे काय बोलल्या ते त्याच्या कानावरून गेलं. खरं म्हणजे त्याला आणखी एक कारण होतं. बाईंच्या डोक्यामागच्या भिंतीला ओल आली होती, रंगाचे पापुद्रे सुटले होते, आणि कुठल्या गाढवाने हे काम केलंय, या विचारात तो गुंतला होता.

"कळलं ना, काका?"

"कळलं, कळलं. आधी नीट खरवडून घ्यायला हवं होतं."

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

घरी आल्यावर पंचाईत झाली ती गोळीची. जिभेवर ठेवली की बाईला उमासा यायचा आणि उमाशाबरोबर गोळी बाहेर. उलटी थांबवायची गोळी उलटीतच परत येते हे बघून रंगाऱ्याचं डोकं फिरलं. पावडर मात्र ती दुधातून बिनतक्रार घ्यायची. मग गोळी पावडरीतच घातली तर?

इथे त्याचा धंदा आडवा आला. दुसरा कुणी असता तर निदान एका पेल्यात एक गोळी कुस्करली असती. पण रंगाऱ्याचा जन्मभराचा नेम होता, खोलीला लागणारा रंग एकदाच कालवायचा. थोडा थोडा कालवला की छटा बदलते, आणि मग मालकीणबाई कमरेवर हात ठेवून भिंतीसमोर उभी राहते. त्याने होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या वाटल्या, भुकटी डब्यात ओतली आणि लाकडी काठीने तळापासून ढवळली. काठी नवी होती. (जुनीला हिरवा रंग होता. एवढी अक्कल त्याला होती.)

"कसली खडखड चाललीय हो?" बायकोने अंथरुणातून विचारलं.

"काही नाही. तुझी गोळी बंद. आता नुसती पावडर."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं?"

"मग काय मी माझ्या मनाचं सांगतोय?"

(मनाचंच सांगत होता.)

पहिल्याच घोटाला बाईचं तोंड कडूजहर झालं. पण समोर नवरा उभा. खांद्यावर फडकं, चेहरा निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा. उभ्या जन्मात ज्याने कधी पाण्याचा पेला उचलून दिला नाही, तो आता सकाळ-संध्याकाळ दूध कोमट करून आणत होता. त्याला कडू आहे म्हणून कसं सांगायचं? ती म्हणायची, "ठेवा, घेते हळूहळू." त्याची पाठ वळली की पेला, तिच्याजवळ बसून प्यायला त्याने उशाशी आणून ठेवलेल्या त्याच्याच चहाच्या किटलीत रिकामा. मोरीत ओतायला तिचा जीव होईना. आणि त्याला काही कळणार नाही, याची तिला खात्री होती. टर्पेंटाइनच्या वासाने रंगाऱ्याचं नाक आणि जीभ दोन्ही केव्हाच कामातून गेली होती. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी ढेकर देऊन उठणारा माणूस तो.

तर असा कारखाना सुरू झाला. रंगाऱ्याने ढवळायचं, बायकोने ओतायचं आणि रंगाऱ्याने प्यायचं.

थोड्याच दिवसांत त्याला बसल्या जागी झोप येऊ लागली. शेजारच्या शिंप्याच्या दुकानाचं दार रंगवताना शिडीवरच अशी डुलकी लागली, की कपाळ ओल्या दाराला टेकलं. शिंप्याने हलवून उठवलं तेव्हा दारावर कपाळ उमटलं होतं आणि कपाळावर दार.

"मिस्त्री, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? आजारी बायको आहे माझी."

"बायको आजारी, मग विजारीचं बटण तुमचं कसं तुटलं? पोट बघा केवढं सुटलंय!"

"काळजीने सूज येते माणसाला."

"काळजीने माणूस वाळतो हो!"

"तुझ्या घरी वाळत असेल. तू सुई बघ तुझी."

पण घरात त्याची ही जीभ चालत नव्हती. बायको वाळतच चालली होती. एका संध्याकाळी त्याने पुढे धरलेल्या घमेल्यातून मान वर करून तिने विचारलं, "घालतील का हो नळी?"

"कोण घालतो ते बघतो मी," तो गुरगुरला आणि घमेलं धुवायला गेला. धुतलेलं घमेलं बराच वेळ धूत राहिला.

मग त्याने ठरवलं, डोस कमी पडतोय. भिंत एका हातात झाकली नाही, तर रंगारी वरून दुसरा हात मारतो. तसे त्याने एका चमच्याचे दोन केले. परिणाम लगेच दिसला. रंगारी दुप्पट झोपू लागला.

महिना भरला. दोघं दवाखान्यात आली आणि बाकावर बसताच रंगारी तोंड उघडं टाकून घोरू लागला. नर्स बाहेर आली. एक म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसलेली, आणि एक म्हातारा लोळागोळा. पेशंट कोण हे विचारायची तिला गरजच वाटली नाही. तिने त्याला बखोटीला धरून काट्यावर उभं केलं.

"बाई, या पेशंटचं वजन तर दणदणीत वाढलंय!"

"अरे वा!" म्हणत डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि थबकल्या. "हे कोण?"

"ते आमचे हे," बायको म्हणाली.

खऱ्या पेशंटला काट्यावर चढवलं. वजन उलट उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला.

"गोळी वेळेवर घेताय ना?"

"तुम्हीच तर बंद केलीत."

"मी?"

दोघी रंगाऱ्याकडे वळल्या. त्याची झोप खाडकन उतरली.

"डब्यात कालवली," तो म्हणाला.

"किती?"

"सगळ्या."

"अहो पण का?"

"छटा एकसारखी यावी म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, हा चुरा सगळीकडे सारखा जात नाही. एका चमच्यात काहीच नसेल आणि दुसऱ्यात चार गोळ्या! आणि कुठल्या गोळीचं कुठल्या पावडरीशी पटतं, हे विचारल्याशिवाय दोन्ही एकत्र करायच्या नसतात. म्हणून तर बजावलं होतं, दोन्हींमध्ये अंतर ठेवा. तुम्ही ऑइल पेंटमध्ये पाणी घालता का?"

"मी काय वेडा आहे?" रंगारी उसळला.

नर्स खिडकीबाहेर बघू लागली.

"पण मग यांना गुंगी कशी नाही आली?" डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "इतकं औषध पोटात जाऊन?"

"माझ्या पोटात नाही गेलं," बायको खाली बघत म्हणाली.

"मग कुणाच्या?"

बायकोने नवऱ्याच्या विजारीकडे पाहिलं. बटणाच्या जागी दोरी बांधली होती.

"म्हणजे माझ्या चहात..." रंगाऱ्याचा आवाज चढला. "अगं, मग सांगायचं ना कडू लागतं म्हणून!"

"तुम्ही इतक्या मायेने आणायचात. सांगवेना."

रंगाऱ्याने ओरडायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं आणि तो भिंतीकडे बघत राहिला. या वेळी पापुद्रे बघत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला तपासलं, नशिबाने वाचलात म्हणाल्या, मग तिला जिभेवर आपोआप विरघळणारी गोळी दिली. जरा वेळाने एक बिस्कीट दिलं. तिघं त्या बिस्किटाची वाट बघत बसली. ते परत आलं नाही.

"नळी?" रंगाऱ्याने घाबरत विचारलं.

"एवढ्यात नाही. खरं औषध तर आज सुरू झालंय."

जुना डबा तिथेच जमा करून घेतला. नवा डबा आणि गोळ्या बायकोच्या ताब्यात गेल्या. ती रोज आधी गोळी घेते, मग जेवते, आणि सांगितलेलं अंतर ठेवून पावडर. बांगड्या हळूहळू मनगटावर उतरल्या. मनगटाचं श्रेय रंगारी अजून स्वतःकडे घेतो, आणि ती घेऊ देते.

फक्त चहाच्या वेळी तो ढवळायला हात पुढे करतो, तेव्हा ती चमचा काढून घेते.

"साखर घातलीय, ढवळलीय. तुम्ही नुसता प्या."

तो घोट घेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "वा! आज जमलाय. गोडी अगदी बेताची."

वाढलेल्या वजनापायी डॉक्टरीणबाईंनी त्याची साखर त्याच दिवशी बंद केली. ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.