मार्थामावशींची सगळ्यांची गोधडी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मार्थामावशी भेटल्या की आधी तुमची बाही चिमटीत धरतात. कसं काय, बरं आहे ना, हे सगळं नंतर. कापड बोटांत चोळायचं आणि निकाल द्यायचा, "सुती आहे. विरला की मला दे." माझा साखरपुड्याचा सदरा तर मी घातलेला असतानाच त्यांनी मागून ठेवलाय.

मावशी मूळच्या नगरकडच्या. नर्सची नोकरी संपली, यजमान केव्हाच गेले. यंदा त्यांनी सांगवीतल्या त्यांच्या चर्चसाठी गोधडी शिवायला घेतली. आत पाऊल टाकताच समोर दिसेल अशी, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्याचा एक तुकडा तिच्यात. नवं कापड मुळीच चालणार नव्हतं. "अंगावर झिजलेलं पाहिजे. त्यात माणूस उतरलेला असतो." पाळकसाहेबांचा जुना झगा आला, केरळच्या नर्सबाईंची साडी आली, ओडिशाच्या वेल्डरची लुंगी आली. फाटकाबाहेरच्या चहावाल्याचा पंचासुद्धा आला. तो बिचारा कधी आत गेलेला नाही. "दारापर्यंत येतो ना? मग झालं," मावशी म्हणाल्या.

गोधडी कडेकडेनं आत शिवत नेतात, मधला चौक शेवटी. मावशींचा चौक काही बुजेना. रोज सकाळी आमची बेल वाजायची.

"अरे, कुणी राहिलं तर? सगळ्यांचे तुकडे दिसले आणि आपलाच नाही, तर तो माणूस उंबऱ्यातून मागे फिरेल."

"मावशी, लोक प्रार्थनेला येतात, हजेरी बघायला नाही."

यावर त्यांचा चेहरा असा उतरला की बायकोनं मला नजरेनंच गप्प केलं. त्यांच्या काळजीची लागण मलाही झाली. ऑफिसात कुणाचा विटका शर्ट दिसला की मी दचकू लागलो.

गोधडी नाताळच्या आदल्या रविवारी लावायची होती. तो रविवार चार-पाच दिवसांवर आला आणि मावशी धापा टाकत खाली आल्या. "राहिला रे एक! गेल्या रविवारी आलेला. शेवटच्या बाकावर बसला आणि चहाच्या आधीच गेला. तुझ्या कंपनीचाच निळा शर्ट होता."

शनिवारी त्यांना गाडीवर मागे बसवून मी महाळुंग्याला, आमच्या कंपनीच्या गेटवर नेलं. पहिली शिफ्ट सुटली आणि गेटमधून निळ्या शर्टांचा लोंढा बाहेर आला. मावशी त्यात घुसल्या. दिसेल त्याची बाही धरायची, कोपर उलटून बघायचा, सोडायची.

"आजी, काय हारवलंय का?" एकानं विचारलं.

"ओ मावशी, गेटवर न्हाई थांबायचं," वॉचमन ओरडला. मी त्याच्यापुढे हात जोडले. सोमवारी मला याच गेटमधून आत जायचं होतं.

"कोपराला पांढऱ्या दोऱ्याचं रफू आहे," मावशी सगळ्यांना सांगत होत्या. गर्दी विरळ झाली तेव्हा मी विचारलं, "दिसायला कसा होता? मिशी होती का?"

मावशींचे हात थांबले.

"तोंड... तोंड बघितलंच नाही रे मी," त्या म्हणाल्या आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसल्या. "सगळ्यांना 'या' म्हणायला गोधडी शिवते, आणि त्याला साधं 'या' म्हणाले नाही."

कोपऱ्यावरच्या टपरीवर मी त्यांना चहा पाजला. तिथे त्या हळूहळू बोलू लागल्या. यजमान गेल्यावर त्या नोकरीसाठी एकट्याच इथे आल्या. त्याच शेवटच्या बाकावर कितीतरी महिने बसत होत्या. कुणी वाईट वागलं नाही, पण कुणी बोललंही नाही. मग एका म्हातारीनं त्यांचा पदर चिमटीत धरला आणि म्हणाली, छान आहे गं लुगडं.

"घरी जाऊन रडले बघ त्या दिवशी. तेव्हापासून मी पण तेच करते. नव्या माणसाशी काय बोलायचं, मला दुसरं सुचतच नाही."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांच्या या सवयीच्या नकला करून लोकांना हसवत आलो होतो.

रविवारी गोधडी लागली. मधला चौक उघडाच होता. पाळकसाहेबांनी ती तशीच लावून घेतली. एरवी मावशींना सोडून मी बाहेर गाडीवर बसून राहतो, त्या दिवशी आत गेलो. मावशी पुढची नेहमीची जागा सोडून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी टेकलो. गाणी सुरू झाली. दार वाजलं की मावशी मान वळवून येणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि पुन्हा समोर बघायच्या.

थोड्या वेळानं त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"जरा पलीकडे सरक की," त्या कुजबुजल्या. "तो आला तर बसेल कुठं?"