टॉवेल-टोपीचे शेषराव

आमच्या भागात लग्न कुणाचंही असो, मांडवात शिरायच्या वाटेवर नवरीचे काका उभे असतात आणि बाहेर पडायच्या वाटेवर शेषराव. हातात खताची धुतलेली रिकामी गोणी. जेवून, आहेराची टॉवेल-टोपी घेऊन माणूस बाहेर पडला, की शेषराव गोणीचं तोंड उघडतात.

"टाका की सर. घरी पेटीत ठेवून टावेल काय पिल्लं देणार हाय का?"

शेषराव माझे शेजारी. विद्यापीठाच्या आरोग्य विज्ञान केंद्रात शिपाई होते. तिथल्या दवाखान्याला लोकांच्या मदतीतून चाकाच्या दहा खुर्च्या द्यायच्या, हा त्यांनी निवृत्तीनंतर लावून घेतलेला उद्योग. पैसे मात्र मागायचे नाहीत. "पैसे मागितले की माणूस खिसा धरतंय. टावेल मागितला की सुटलो म्हणून हसतंय."

जमलेले टॉवेल ते पुढच्या लग्नघरी दुकानाच्या निम्म्या भावात विकतात. तिथं आहेरात वाटलेले टॉवेल बाहेर पडताना पुन्हा गोणीत. खात्री करायला मी माझ्या टॉवेलाच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा ठिपका काढला होता. सहा महिन्यांत तो मला तीनदा आहेरात आला.

मी गणिताचा मास्तर, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडं. शेषरावांनी ती कधी उघडून पाहिली नाही. "तुमी लिहिलं म्हणजे झालं."

परवा पेडगावच्या लग्नातले टॉवेल विकून ते आले. मी बेरीज केली. "शेषराव, दहावी खुर्ची झाली. गोणी ठेवून द्या आता."

मला वाटलं, पेढे आणायला निघतील. ते ओट्यावर खालीच बसले.

"नीट मोजा की. चुकलं असंल."

"माझं?" मला रागच आला. पुन्हा मांडलं. आकडा तोच.

"देवगाव फाट्याला लगीन हाय रविवारी," गोणीची घडी घालत ते म्हणाले.

"मग जा की जेवायला."

"पत्रिका कुठाय? सगळे सहकुटुंब लिहितेत. आमची ही गेल्यापासून मला काय लिहावं, कुणाला सुचंना. हातात गोणी असली की कुणाकडले म्हणून कुणी इचारत न्हाई. उलट जेवूनच जा म्हणतेत."

मी वही पुन्हा ओढली. खोटा आकडा लिहायचा नाही, हा माझा नेम. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेलो आणि थांबलो.

"शेषराव, त्या खुर्च्यांच्या मोठ्या चाकांत हवा असते का?"

"आसती की."

"मग हवा भरायचा पंप कुठं धरलाय आपण?"

ते ताडकन उठले, गोणी झटकली.

"मी म्हणलो न्हाई, चुकलंय तुमचं? लय मोठे हिशेबवाले!"

मी आत जाऊन माझा ठिपक्याचा टॉवेल आणला आणि गोणीत टाकला. फाटकातून बाहेर पडता पडता शेषराव वळले.

"उगं बसू नका सर. पंक्चरचं सामानबी मोजा!"