भोईरांची पुडी

भोईर कोणाच्याही घरी गेले की देव्हाऱ्यापुढे हात जोडण्याआधी स्वयंपाकघरातला एखादा डबा उघडतात, त्यात नाक घालतात आणि यजमानाच्या तोंडावर निकाल सुनावतात, "वाळलंय. मुरलेलं नाही." आमच्याकडे हा निकाल तमालपत्राला लागला. माझी पत्नी त्यांच्याशी कित्येक दिवस बोलली नाही. मी मात्र तेव्हाच ओळखले की भांडावे तर या माणसाशी.

कात्रपच्या आमच्या इमारतीत भोईरांविषयी नाना कथा सांगितल्या जातात. ते गांजा ओढतात, ही एक. त्यापायी त्यांची नोकरी गेली, ही दुसरी. दोन्ही धादांत खोट्या आहेत, आणि हे मी जिन्यात, गच्चीवर व सोसायटीच्या सभेत आवाज चढवून सांगितलेले आहे. वस्तुस्थिती अशी की, अंबरनाथच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात भोईर भांडार सांभाळत व तेथूनच ते सन्मानाने निवृत्त झाले. त्या कारखान्यात रीतसर सरकारी परवान्याने विजया, म्हणजे भांगेचा पाला, येत असे. पावसाळ्यात तो बुरसायचा, उन्हाळ्यात त्याचा भुगा व्हायचा. तो सावलीत वाळवावा, काचेच्या बरणीत भरावा आणि रोज क्षणभर झाकण उघडून मुरवावा, ही विद्या भोईरांनी तेथे सिद्ध केली. झाकण उघडण्याला ते 'श्वास देणे' म्हणतात. "वाळवणं वाऱ्यालाही जमतं, सामंत. मुरवायला माणूस लागतो," असे ते मला ऐकवतात.

आणि मग ती पुडी! दिसायला चहाच्या पुडीएवढी. आत मिठाचे दाट पाणी. बरणीत ओल वाढली की ती शोषते आणि हवा कोरडी पडली की घेतलेली ओल परत देते. आतली आर्द्रता बासष्ट टक्क्यांवरून हलू देत नाही. हे प्रथम ऐकले तेव्हा मी भांडलो. शोषणारी पुडी मला ठाऊक होती. नव्या बुटांच्या खोक्यात निघते ती. घेतलेले परत देणारी वस्तू या जगात नसते, असे मी ठणकावले. भोईरांनी वाद घातला नाही. हात लावताच मोडणारे आमचे एक तमालपत्र त्यांनी नेले, पुडीसोबत बरणीत ठेवले आणि आठवड्याने माझ्या तळहातावर आणून दिले. मी ते वाकवले. ते वाकले, पण मोडले नाही. मला गप्प करणाऱ्या गोष्टी फार नाहीत. त्यांत त्या पानाची गणना मी आजही करतो.

एकदा पुड्या संपल्या आणि पार्सल येईना, म्हणून आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने बुटाच्या खोक्यातल्या पुड्यांचा ढीगच पुढे ओतला.

"घ्या साईं, सेम चीज आहे. ही पण पुडी, ती पण पुडी."

"ही फक्त घेते," भोईर म्हणाले.

"अरे मग चांगलंच आहे ना! देणारी कशाला पायजे? धंद्यात देणारा बुडतो, साईं."

भोईर हसले नाहीत. घाबऱ्या आवाजात एवढेच म्हणाले, "ही टाकली तर माझी बरणी मरेल."

या बरणीपायीच पुढचे सारे घडले. पुड्यांचे खोके परदेशी. तिकडे अशा पुड्या भांग मुरवायला वापरतात, म्हणून खोक्यावर भांगेचे हिरवेगार पान छापलेले. ते वॉचमनने पाहिले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांनी चघळले. रविवारी सेक्रेटरी तावडे चार सभासद घेऊन भोईरांच्या दारात उभा राहिला. साक्षीदार म्हणून मी आगंतुकपणे घुसलो, म्हणूनच पुढचे अधिकाराने लिहीत आहे.

"काका, राग नका मानू हां. कम्प्लेंट आहे. ती कपाटातली बरणी जरा ओपन करून दाखवा, विषय संपला."

"उद्या सकाळी या. आजचा श्वास देऊन झालाय."

"म्हणजे काय काका? काहीतरीच काय!"

"दर वेळी थोडा वास जातो. गेलेला पुन्हा मिळत नाही."

"क्लीअर कट काहीतरी लपवताय तुम्ही," असे म्हणत तावडेने बरणी उचलून झाकण फिरवलेसुद्धा.

गांजा नव्हता. खोलीभर मरव्याचा वास पसरला.

खिडकीशी भोईरांच्या पत्नी, सुमनवहिनी, बसल्या होत्या. त्यांची स्मृती गेली काही वर्षे विझत चालली आहे. नवऱ्याला त्या ओळखत नाहीत. 'पावणं' म्हणतात, आणि पाहुण्याला शोभेल असा पदर सावरून बसतात. त्यांनी मान वर केली.

"आयनी मरवा खुडला का रं?" मग भोईरांकडे रोखून पाहिले. "अवो, तुमी जेवलाव का? कवा आलाव?"

"आत्ताच आलो," भोईर म्हणाले. "जेवतो ना. तू वाढ."

वहिनी उठू लागल्या, उठता उठता थबकल्या आणि पदर सावरून पुन्हा बसल्या.

सोनिवलीला त्यांच्या माहेरच्या विहिरीजवळ मरव्याचा ताटवा होता. त्या जागी आता टॉवर आहे. बुलडोझर येण्याआधी भोईरांनी तो मरवा कापून आणला व भांगेच्या पाल्यासारखाच मुरवला. बाजारातल्या मरव्याचा त्यांनी प्रयोग केला होता. वहिनींनी मानही वळवली नव्हती. म्हणून ही एकच बरणी. रोज सकाळी एकदा तिचे झाकण उघडते आणि रोज सकाळी एकदा भोईर या घरचे होतात.

त्या दिवशी भोईर ढसाढसा रडले, असे तावडे हल्ली सर्वांना सांगतो. साफ खोटे. रडला तो तावडे. भोईरांनी त्याच्या हातातून बरणी घेतली, झाकण लावण्याआधी आतली पुडी दोन बोटांत दाबून पाहिली. संपलेली पुडी कडक होते. ही मऊ होती.

"अजून देतेय," ते माझ्याकडे पाहून म्हणाले, आणि त्यांनी झाकण घट्ट लावले.