दोनदा सांगणारे वाघमारे काका

वाघमारे काका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी ना पाणी मागितलं, ना खुर्ची. दारात चपला काढता काढताच विचारलं, "या घरात सगळ्यात कमी ऐकू कोणाला येतं? सगळ्यात कमी?"

आता हा काय प्रश्न झाला? पहिल्या भेटीत माणूस निदान गाव तरी विचारतो. माझ्या नवऱ्याचा, सतीशचा, चेहरा पडला, कारण मी दिवसातून चार वेळा त्याच्या कानांचा उद्धार करते आणि त्याला वाटलं, ही गोष्ट गल्लीभर झाली.

काका गारखेड्यात आमच्याच गल्लीत शेवटच्या घरात राहतात. आधी कन्नड गावच्या आणि मग इथल्या एसटी स्टँडवर, सगळी नोकरी त्यांनी माईकसमोर काढली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते सांगायचं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय काही गेली नाही. भाजीवाल्याला "मेथी द्या, मेथी". मला "जय भीम ताई, जय भीम". एकदा मी विचारलंच, तर म्हणाले, "पहिल्यांदा सांगतो तवा माणूस पिशव्या सांभाळत असतो. दुसऱ्यांदा सांगितलं की ऐकतो."

हल्ली त्यांचा एकच उद्योग. कोणाकडे होम थिएटर आल्याची कुणकुण लागली की काका हजर. बोलावणं नको, पैसे नकोत. टीव्हीतला माणूस काय बोलतो ते घरातल्यांना कळलं पाहिजे, बस्स. "बोलणं आधी, बँडबाजा मागून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अर्थात दोनदा.

आमचं होम थिएटर म्हणजे सतीशची हौस. पाच डबे आणि एक दणके देणारा ठोकळा. सिनेमात गाडी उलटली की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या, पण गाडीतून बाहेर आलेला हिरो बायकोला काय म्हणाला ते कोणाच्या बापाला कळायचं नाही. आवाज वाढवला की ढोल वाढायचे, कमी केला की माणसं पुटपुटायची. मी तर सिनेमा कमी आणि रिमोटच जास्त बघायची.

यात खरे हाल झाले अण्णांचे. अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना सोयगावहून इकडे आणलं. आधी संध्याकाळी आमच्यात बसायचे, सिरीयलमधल्या सासवांना शिव्या द्यायचे, धमाल यायची. मग हळूहळू "डोकं दुखतंय" म्हणून आतल्या खोलीत जायला लागले. कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, ते डबीत. आणि एक दिवस म्हणाले, "मनीषा, मला गावाकडं नेऊन सोडा. इथं मी खांबावानी बसतो. तुम्ही हसता, अन् कशाला हसता ते मला कळत नाय."

मला फार लागलं ते. सोयगावच्या घरात त्यांना घोटभर चहा करून देणारं कोणी उरलं नव्हतं. पण त्यांनी बॅग भरून पलंगाखाली ठेवलीसुद्धा होती.

अशा वेळी काका आले आणि मी त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आतल्या खोलीकडे बोट केलं. काकांनी अण्णांना हाताला धरून बाहेर आणलं, टीव्हीसमोर बसवलं, कानाशी तोंड नेऊन गाव विचारलं. मग सतीशकडे वळले. "मधला स्पीकर कुठंय? मधला?"

सतीशने मोठ्या अभिमानाने शोकेस दाखवलं. धूळ बसू नये म्हणून साहेबांनी मधला स्पीकर काचेआड ठेवला होता आणि त्याच्यापुढे आमच्या लग्नाचा फोटो.

काका बघतच राहिले. "साहेब, टीव्हीतली समदी माणसं या एका डब्यातून बोलतात. अन् तुम्ही त्यालाच कोंडून ठेवलं व्हय?"

मग त्यांनी घर हातात घेतलं. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली आला, त्याच्या पुढच्या बाजूला जुन्या स्लीपरचा तुकडा सारून त्याचं तोंड अण्णांकडे वर केलं. कोपऱ्यातला ठोकळा बाहेर ओढून त्याचा आवाज निम्म्यावर आणला, मधल्याचा वाढवला. फरशी उघडी होती, आवाज घुमतो म्हणून तिच्यावर सतरंजी टाकायला लावली. शेवटी कूलरकडे बघून म्हणाले, "ही गिरणी त्या पलीकडच्या खिडकीला न्या. पलीकडच्या."

सगळं झाल्यावर खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात त्यांचाच आवाज. वेरूळमार्गे कन्नडला जाणारी गाडी, चाळीसगावला जाणारी गाडी. अण्णा ढिम्म. काका टीव्हीकडे बघतच नव्हते, ते अण्णांच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि स्पीकर बोटभर सरकवायचे. सतीश म्हणाला, "मला तर आता एकदम क्लिअर येतंय." त्याच्याकडे त्यांनी लक्षसुद्धा दिलं नाही.

"सोयगावकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे."

अण्णा ताडकन उठले. "मनीषा, माझी बॅग आण."

काकांनी टीव्ही बंद केला, ताठ उभे राहिले आणि ठेवणीतल्या स्टँडच्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सोयगाव गाडी रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांनी आहे तिथेच बसावे. आहे तिथेच बसावे."

अण्णा हसले. किती महिन्यांनी हसले. आणि बसले. त्या संध्याकाळी त्यांनी सिरीयलमधल्या सासूचा पार उद्धार केला आणि मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यादेखत ती बॅग रिकामी केली. काकांचे हे उपकार कसे फेडायचे ते मला आजही कळलेलं नाही.

रविवारी धपाटे घेऊन मी आणि अण्णा काकांकडे गेलो. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली, काका एकटेच असतात. खोलीत टीव्हीसमोर एकच वेताची खुर्ची, सगळे स्पीकर तिच्याकडे तोंड करून. काका मात्र बाजूला भिंतीशी स्टुलावर बसलेले, जिथून त्यांनाच धड ऐकू आलं नसतं. टीव्हीशेजारी रुमालाखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"काका, खुर्चीत का नाही बसत?"

"ती कमलची."

मग हळू आवाजात सांगायला लागले. "ताई, दिवसभर साऱ्या जिल्ह्याशी बोलायचो. घरी आलो की घसा बसलेला, बोलायचं मनच नाय व्हायचं. ती म्हणायची, रिटायर झाल्यावर बोला माझ्याशी. अन् मी रिटायर झालो तवर तिचे कान गेले."

मशीन काकूंना सोसलं नाही. म्हणून काकांनी हे होम थिएटर आणलं आणि त्याला माईक जोडला. काकूंना त्या खुर्चीत बसवायचं आणि आपण या स्टुलावरून माईकमध्ये बोलायचं. भाजी कोणती करू, शेजारची मांजर व्याली, पेपरात काय आलं. स्पीकर बोटभर सरकवणं ते काकूंच्या चेहऱ्याकडे बघून शिकले होते.

"लई बोललो मग," काका म्हणाले. "पण लई उशीर केला."

हे त्यांनी एकदाच सांगितलं.

मागे वळून बघते तर अण्णा त्याच खुर्चीत जाऊन बसलेले, चांगले पाय पसरून. त्यांना यातलं अक्षरसुद्धा ऐकू आलं नव्हतं. मी त्यांना उठवायला धावले, पण काकांनी हात आडवा केला.

त्यांनी रुमाल काढला. खाली माईक होता. तो बाहीला पुसला, बटण दाबलं, घसा साफ केला.

"सोयगावचे पाहुणे, चहा घेणार का?"

अण्णांनी लगेच मान वर केली. "घेईन की. साखर जरा जास्त टाका, ही घरी देत नाय."

दुसऱ्यांदा विचारायला काकांनी माईक पुन्हा तोंडाशी नेला होता. तो तसाच खाली ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.