अंगारकीच्या दिवशीचा 'ला'

"नव्व्याण्णव टक्के! श्रद्धा, आता आपल्याला इथून कोण हलवतंय ते बघतोच!"

यतीन ओरडला. तो मँचेस्टरला पीएचडी करत होता. मलेशियातल्या, बोलताना अडखळणाऱ्या मुलांसाठी त्याने न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुने ऐकून शिकणारं यंत्र, बनवलं होतं. मुलाने मलय भाषेतलं एक अक्षर म्हणायचं, यंत्राने ते ओळखून पडद्यावर दाखवायचं. घरच्या रेकॉर्डिंगवर त्याची नव्व्याण्णव टक्के उत्तरं बरोबर आली होती. क्वालालंपूरच्या डॉक्टर रोस्नाह ते बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर प्रोजेक्टवर दोन वर्षांची नोकरी. नाहीतर सप्टेंबरात व्हिसा संपला की गाशा गुंडाळून थेट नागपूर!

आता अक्षरं म्हणायला माणसं हवीत ना? मलेशियन विद्यार्थी नुसते कशाला येतील? पण घरचं जेवण म्हटल्यावर पोरं एका पायावर तयार! त्यामुळे रेकॉर्डिंग यतीनच्या स्वयंपाकघरात. रोज एक अक्षर, त्यावर पोटभर वरणभात.

त्याची बायको श्रद्धा लग्नाआधी पुण्यात चार वर्षं साउंड रेकॉर्डिस्ट होती. ती म्हणाली, "अरे, इथे केवढा आवाज आहे! आणि एका दिवशी एकच अक्षर का?"

"तू कुकर बघ गं. नेटवर्कचं मी बघतो." काय तो रुबाब!

यंत्राच्या परीक्षेचा दिवस आला. हॉल चिडीचूप. डॉक्टर रोस्नाह माइकपाशी जाऊन म्हणाल्या, "बा."

पडद्यावर उमटलं, 'ला'.

"ती."

'ला'.

"कू!"

'ला'!

यतीनने माइकची वायर काढून पुन्हा घट्ट खोचली. मग मॅडमनी "ला" म्हटलं, तेव्हा पडद्यावर 'ला' आलं आणि सगळ्या हॉलमध्ये त्याने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

मागच्या रांगेतून श्रद्धा उठली. "यतीन, 'ला' कधी रेकॉर्ड केलं आपण?"

"मंगळवारी. का?"

"तेव्हा अंगारकी होती! चंद्रोदयापर्यंत चूल बंद, पोरांना केळी देऊन बोळवलं. तेवढा एकच दिवस घर शांत होतं. म्हणून शांतता दिसली की हे म्हणतंय 'ला'! अरे, तुझं यंत्र अक्षरं ऐकतच नाहीये. माझं स्वयंपाकघर ऐकतंय!"

मॅडमना सगळं इंग्रजीत सांगून तिने फोन काढला. बहिणीला पाठवलेला चटणीचा व्हिडिओ माइकपुढे धरला. मिक्सर घरघरला, 'कू'च्या दिवशी घरघरला होता तसाच. कोणी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, तरी पडद्यावर आलं, 'कू, नव्व्याण्णव टक्के!' मग कुकरची शिट्टी लावली. 'बा, शंभर टक्के!'

धरणीमाय, पोटात घे, असं यतीनला झालं. आणि डॉक्टर रोस्नाह? त्या खुर्चीवरून उडाल्याच!

"आमचं क्वालालंपूरचं यंत्र शांत क्लिनिकमध्ये पहिलं येतं आणि शाळेत नेलं की नापास होतं! दोन वर्षं आम्ही डोकं फोडतोय. हेच कारण असणार! या बाई कोण?"

"माझी बायको," यतीन पुटपुटला.

पुढचे तीन आठवडे घरात श्रद्धाचं राज्य. प्रत्येक अक्षर मिक्सरसोबत, कुकरसोबत, शांततेत, अगदी ट्रॅममध्येसुद्धा! यतीन माइक धरून उभा. या वेळी यंत्राला शहाऐंशी टक्के मिळाले, पण ते खरेखुरे होते. मॅडमनी स्वतः भर बाजारात उभं राहून तपासले.

आठवड्याभरात पत्र आलं. नोकरी पक्की! यतीनने श्रद्धाला उचलून गरागरा फिरवलं, शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं आणि मग पत्र नीट वाचलं. नेमणूक श्रद्धाची होती.

तरी त्याचा आनंद तसूभर कमी झाला नाही हो. व्हिसाचा फॉर्म भरायला तोच बसला आणि आजवर श्रद्धाचं नाव यायचं त्या 'डिपेंडंटचं नाव' या रकान्यात त्याने स्वतःचं पूर्ण नाव दोनदा तपासून लिहिलं.