पाचव्या युनिटाची मोहीम

"ह्यास्नी समदं कसं काय समजतंय? का माझंच डोस्कं दगडाचं हाय!" ऐसी कुरकुर वैशाखमासी रविवारी, दोन प्रहरी, मायाक्का यांचे मुखातून निघाली, ती शेजारच्या पाण्याचे माठास काय ती ऐकू गेली, आणखी कोणास नाही, कारण तळमजल्यावर यंत्रमाग चालत होते. या कुरकुरीपासोन पुढे जो रणप्रसंग गुदरला, तो लोकांचे विस्मरणी जाऊ नये, सबब सविस्तर लिहिला आहे. वाचणारांनी पाण्याचा तांब्या जवळ ठेवोन वाचावा, सोलापूरचा उन्हाळा आहे.

गनीम म्हणजे एम.एस्सी.चा प्रगत सेंद्रिय रसायनाचा पेपर. तो सोमवारी सकाळी साडेदहास चाल करोन येणार, आणि त्याचे पाच किल्ले, त्यांस विद्यापीठाचे दफ्तरी युनिट म्हणतात. सामना देणारे सरदार चौघे. दाक्षायणी, पूर्व भागातील विणकर घराण्याची कन्या. मागांवरील माडी तिची, म्हणोन छावणी तेथे पडली. सोमेश बार्शीकर, अभ्यासाची फौज लहान परंतु जीभ मोठी. शिवशरण अक्कलकोटकर, दर सत्री पहिला येणारा, म्हणोन सरसेनापती. आणि चौथ्या मायाक्का, मोहोळ प्रांतीच्या मेंढपाळ घराण्यातील. मागिले साली याच पेपरात पाच गुणांनी शिकस्त खाऊन यंदा या धाकट्या फौजेत सामील जाहल्या होत्या. चिंचोळीच्या एका औषध कारखान्याने त्यांस प्रयोगशाळेत नोकरीचे पत्र दिधले होते, परंतु त्यात कलम ऐसे की पेपर सुटला तर जूनपासोन रुजू, न सुटल्यास पत्र रद्द. ते पत्र चार घड्या घालोन पर्सेत होते, आणि बाई दर घटकेस पर्स चाचपोन पाहत होत्या.

मसलतीचा रिवाज ऐसा ठरला होता की, एकेकाने एकेक किल्ला पाठ करोन बाकीच्यांस शिकवावा, शिकविणाराने शेवटी "समजलं?" म्हणोन पुसावे आणि बाकीच्यांनी "समजलं की!" म्हणावे. येणेप्रमाणे चार किल्ले दोन दिवसांत हस्तगत जाहले. मध्ये दाक्षायणीच्या अम्मांनी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही ऐसी रसद तीन वेळा पाठविली, आणि सोमेशरावांनी तिन्ही वेळा पहिला हल्ला चढविला.

मग पाचवा किल्ला. तेथे रेणूची साखळी आपली दोन टोके फिरवोन आपणांसच मिठी मारते आणि तिचे कडे होते. पण टोके कोणत्या दिशेस फिरवावी, येथे भले भले गारद होतात. शिवशरणांकडे एका जुन्या सीनियरच्या नोटा होत्या, आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स ऐशा सातव्या पिढीच्या असल्याकारणे दिशा दाखविणाऱ्या बाणांच्या जागी नुसत्या काळ्या माशा बसल्या होत्या. सरसेनापतींनी त्या माशांवर बोट ठेवोन तासभर व्याख्यान केले, आणि जेथे अडले तेथे आवाज चढविला. मागांचा खडखडाट होताच. मग पुसले, "समजलं?" सोमेश म्हणाला, "समजलं की!" दाक्षायणी म्हणाली, "समजलं." मायाक्कांनीही मान डोलविली, परंतु मान खाली घालोन हळूच बोलल्या, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. खालचे सगळे माग एकदम गप्प जाहले, आणि त्या शांततेत बाईंचे वाक्य खोलीभर वाजले:

"मला कायबी समजलं न्हाय."

बाई घामाने आणि लाजेने भिजोन गेल्या. मग सोमेश भाकरीचा तुकडा खाली ठेवोन म्हणाला, "मायाक्का, पाया पडतो तुझ्या. मलाबी कायच न्हाय समजलं." दाक्षायणी म्हणाली, "अय्यो, मी तर पयल्या पाच मिनटांतच सोडून दिलं होतं." मग तिघांनी शिवशरणांकडे पाहिले. शिवशरण उठोन माठाकडे गेले आणि पाणी पिऊ लागले, आणि पीतच राहिले. काय ते सर्वांस कळले, पण सरसेनापतींचा मान राखिला.

मग दाक्षायणीने कपाटावरील जाडजूड मूळ ग्रंथ काढिला आणि खिडकीपाशी धरिला. त्यात बाण स्वच्छ होते. मायाक्का बराच वेळ त्यांकडे पाहत बसल्या आणि मग एकाएकी बोलल्या, "आगं, हे तर मेंढराचे कान हायती!" बाईंनी सोमेशास पुढे ओढिले आणि त्याचे दोन्ही कान धरिले.

"औषध पाजताना मान वळवायची आसंल, तर दोनी कान एकाच अंगाला पिळायचे. हे बघ. चार इलेक्ट्रॉन, तापवलं की आसं."

"आयाई! हळू की!"

"मान न वळवता धरायचं आसंल, तर एक हिकडं, एक तिकडं. सा इलेक्ट्रॉन, तापवलं की आसं. आन् उजेड पाडला की समदं उलटं."

इतक्यात लाईट आली, माग धडाडले, आणि सोमेश ओरडला, "उजेड पडला! सोडा मला, आता उलटं पिळतीय ही!" अम्मा खालून धावत आल्या, पोराचे लाल कान पाहिले आणि मुकाट्याने चौथी रसद ठेवोन गेल्या. मग अस्तमानापर्यंत त्या कानांवर साठ-सत्तर रेणू सोडविले गेले. शिवशरण कोपऱ्यात बसोन सर्व पाहत होते, आणि आपल्या नोटांतील माशा एकेक करोन खोडत होते.

सोमवारी गनीम आला, आणि पाचव्या किल्ल्यावर सोळा गुणांचा प्रश्न घेऊन आला. पेपरहॉलात चौघेजण आपापले कान चाचपत होते, ऐसे पर्यवेक्षकांनी पाहिले, परंतु त्यांस त्यात कॉपीचे कलम सापडले नाही.

मग निकाल लागला. सात रस्ता चौकातील चहाच्या गाड्यापाशी चौघे एका मोबाईलवर वाकले. सोमेश तरला, दाक्षायणी उत्तम तरली, शिवशरण प्रथेप्रमाणे पहिले. आणि मायाक्का ऐंशीपैकी त्रेपन्न गुणांनी फत्ते पावल्या. पर्सेतील पत्राची घडी त्यांनी प्रथमच उलगडोन चहाच्या गाड्यावर सपाट केली. येणेप्रमाणे पाचवा किल्ला सर झाल्याची नोंद येथे करण्यात येते.

सोमेशाने सरसेनापतींस मुबारकी दिधली आणि पुसले की, मालक, पाचव्यात किती पडले असतील? शिवशरणांनी चहाचा ग्लास खाली ठेविला, मायाक्कांकडे पाहिले, आणि मग खाली पाहिले.

"सोळापैकी पंधरा तरी धर. पण मायाक्का, त्या दिवशी शिकवत होतो तवा मलाच कायबी समजलं नव्हतं."