डोकमर्डीचं हिरवं वांगं

गिरधर आप्पांनी घरासमोर बारा फुटांचं वांगं उभं केलं होतं. उभं केलं ते एक वेळ ठीक, पण हिरवं केलं होतं.

आप्पा शिरपूरकडचे, आमच्या धाग्याच्या कारखान्यात फिटर. मी नाशिकहून आलेला नवा इंजिनियर, सिल्वासातल्या डोकमर्डीत कंपनीच्या चाळीत त्यांचा शेजारी. भंगारातले तेलाचे ड्रम कापून, ठोकून, वेल्डिंग करून त्यांनी रविवारच्या सुट्ट्यांत हे प्रकरण तडीस नेलं होतं. खानदेशात भरताचं वांगं हिरवंच असतं, पण सिल्वासात ते कुणाला ठाऊक? दादऱ्याची बाग बघून आलेल्या गाड्या हमखास थांबायच्या. सुरतेच्या बायका "दूधी छे" म्हणत फोटो काढून घ्यायच्या. एका ट्रकवाल्याला बॉम्ब वाटला. मी तर पाण्याची टाकी समजून नळ शोधत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

"दखा नीट!" आप्पा ओरडायचे. "वांगं शे हाई!"

जांभळं रंगवा, खाली नाव लिहा, असे सल्ले चाळीत सगळ्यांनी देऊन पाहिले. आप्पांनी एकही ऐकला नाही. शेवटी मॅनेजरसाहेबांनी माझ्याकरवी निरोप धाडला, "जांभळं करा, नाहीतर काढून टाका. मुंबईचे पाहुणे मला विचारतात, हे काय आहे म्हणून."

निरोप ऐकून आप्पा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एकदा इथे राहायला आल्या होत्या. दळण घेऊन परतताना चाळीस एकसारख्या दारांत त्यांना आपलं दार सापडेना. नंबर वाचता येत नाहीत. पिठाचा डबा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत परक्या ओट्यावर बसून राहिल्या आणि सकाळच्या एस.टी.नं गावी निघून गेल्या. त्याला सहा वर्षं झाली होती. दर उन्हाळ्यात आप्पा निरोप धाडायचे, दारात वांगं केलंय, आता ये. उत्तर यायचं, "दखू."

"जांभळं करू तर तिले काय कळी?" आप्पा म्हणाले. "तिनी जलमभर हिरवंच भाजेल शे."

मला फार वाईट वाटलं. साहेबांना जाऊन सांगितलं, स्टोअरमध्ये फक्त मशीनचा हिरवा रंग आहे, जांभळा मागवायचा तर तीन सह्या लागतील. सह्यांचं नाव काढताच साहेबांनी विषय बदलला.

त्या उन्हाळ्यात आप्पांनी निरोपात एवढंच कळवलं, "कंडक्टरले फक्त वांगं सांग." तोवर बसवालेही त्या थांब्याला वांगंच म्हणायला लागले होते.

एका दुपारी आम्ही दोघं पहिल्या पाळीहून सायकलींवर परतलो, तर वांग्याच्या सावलीत एक बाई गाठोडं टेकून बसल्या होत्या. आप्पा खाली उतरले आणि हँडल धरून नुसतेच उभे राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे.

वहिनींनी मात्र वांगं खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"देठ आखूड व्हयना," आणखी वीतभर हवा होता असं हाताने दाखवत त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं कुणाचंच न ऐकलेले आप्पा सायकल तिथेच टाकून शिडी आणायला धावले.